वरची चिमूट

श्रीधर मास्तरांनी आयुष्यात एकदाच वैद्यकी केली. रोगी एक, औषध एक, आणि गुण असा आला की रोग्याचा हात, हसू आणि चाळीस वर्षांची कीर्ती, तिन्ही सहा महिन्यांत जायच्या बेतात आली. मास्तर महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्या शिकवण्याने कुणाचं फारसं वाईट झाल्याचं ऐकिवात नव्हतं. पण शाळेबाहेर त्यांनी विज्ञान हातात घेतलं की अनुपमाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आधी जाऊन गॅस बंद करून येत.

रोगी होते लतीफ दासगावकर. चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान. अठ्ठ्याण्णव साल येईपर्यंत महाडच्या बाकी दुकानांत प्लास्टिकच्या पिशव्या लोंबू लागल्या होत्या, पण लतीफभाई अजून कागदाची पुडी बांधत. छताला दोऱ्याचं रीळ टांगलेलं. डाव्या हातात कागद, उजव्या हाताने माल, कागदाची टोकं एकमेकांत गेली कधी ते कळायचं नाही, दोऱ्याचे दोन वेढे, गाठ, बोटाचा एक हिसका आणि दोरा तुटला. हे चालू असताना तोंड गिऱ्हाइकाशी भलतंच बोलत असे.

"कमळाबाई, सून कशी हाय?"

"भांडते रे बाबा."

"मग बरी हाय. गप बसली की मला सांगा."

तोवर पुडी कमळाबाईंच्या हातात. लतीफभाईंची पुडी वाटेत सुटली असं चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. एकदा एक पुडी पोलादपूरच्या एसटीच्या टपावरून रस्त्यावर आली म्हणतात, तर मोहरीचा एक दाणा बाहेर नाही.

पुडीचा कागद बहुधा मास्तरांच्या घरचा. तपासून झालेल्या चाचणी परीक्षांच्या उत्तरपत्रिका रद्दीत जात, त्या थेट लतीफभाईंकडे. त्यामुळे अर्ध्या महाडच्या स्वयंपाकघरात बेडकाच्या हृदयाच्या आकृत्या पोचल्या होत्या. जिऱ्याची पुडी सोडताना बायका वाचत, "पाणी सदतीस अंशाला उकळते," आणि खाली मास्तरांच्या लाल शाईत, "कुणाचे?"

लतीफभाईंची आणखी एक सवय होती, आणि या सगळ्या गोष्टीला ती सवयच नडली. ताजवा बरोबर झाला, काटा मधोमध आला, की त्यांचा हात पुन्हा पोत्यात जाई आणि तीन बोटांत मावेल तेवढा माल वर टाकी. तो वजनात नसे, बोलण्यात नसे. पाच पैशांची हळद घेणाऱ्या पोराला वर, आणि तहसीलदारांच्या शिपायालाही वर. "माप हे मापाचं," ते म्हणत, "वरचं ते माझं."

असाच एक वरचा नेम वर्षातून एकदा यायचा. वीस मार्चला चवदार तळ्यावर लांबलांबून माणसं येत. त्या दिवशी लतीफभाई दुकानासमोर टोपल्या मांडून येणाऱ्याच्या हातावर गूळ-शेंगदाण्याची एकेक पुडी ठेवत. नेम त्यांच्या वडिलांचा. आल्यागेल्याला गूळ-पाणी द्यायचं असतं; "पाणी तळ्याचं, गूळ आमचा," एवढंच वडील म्हणत. पाचशे पुड्या आठ दिवस आधीपासून बसून बांधायच्या, आणि त्या घरच्या माणसानेच बांधायच्या. लतीफभाईंनी अठराव्या वर्षापासून एकही वीस मार्च चुकवला नव्हता.

तर त्या वर्षी श्रावणात लतीफभाईंचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि मीठ बंद सांगितलं.

"मिठाच्या पोत्याला टेकून बसायचं नि मीठ बंद?" असं म्हणून लतीफभाईंनी गोळीशीही अबोला धरला. नुरजहाँचाची, त्यांच्या पत्नी, रोज गोळी समोर ठेवत आणि रोज ती तराजूखाली सापडे.

हे मास्तरांच्या कानावर आलं. मास्तरांनी वाचलं होतं की रक्तदाबावर सर्पगंधेची मुळी चालते, आणि ही वनस्पती आपल्याच डोंगरात होते. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी पोलादपूरची एसटी पकडली. तिथे महिपती नावाचा म्हातारा रानातली मुळं-साली खणून देत असे. त्याने फडक्यात बांधलेली मुळी काढली आणि निक्षून सांगितलं, "मास्तर, कुटून ठेवा. मुगायेवढी, दिसातून एकदा. त्याच्या वर नाय. दाब उतरवते, पण हात सैल सोडलात तर ही मुळी माणसाला रडवते."

"रडवते म्हणजे? मुळीने माणूस रडेल कसा?"

"त्ये मला काय म्हाईत? शिकलेले तुमी."

परतीच्या एसटीत शिकलेल्या माणसाने विचार केला. मूग हे काही शास्त्रीय माप नव्हे. मूग लहान असतो, मोठा असतो. तेव्हा मास्तरांनी शास्त्राला धरून ते 'एक चिमूट' केलं. दिवसातून एकदा हेही अपुरं वाटलं, म्हणून 'सकाळ-संध्याकाळ' केलं. रडण्याची गोष्ट ही अंधश्रद्धा, ती त्यांनी पोलादपूरच्या स्टँडवरच सोडली. घरी मुळी कुटली, बरणीत भरली, वर लाल शाईने चिठ्ठी चिकटवली आणि गणपतीच्या आदल्या दिवशी बरणी लतीफभाईंच्या गल्ल्यावर नेऊन ठेवली.

"गोळी नाही ना गिळत? हे घ्या. रानचं आहे. होळीपर्यंत पुरेल."

गोळीला नाही म्हणणारे लतीफभाई दोस्ताने हाताने कुटून आणलेल्या वस्तूला नाही कसे म्हणणार?

रक्तदाब उतरला. असा उतरला की डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा मोजला. मास्तर आठ दिवस महाडच्या पेठेतून जरा छाती पुढे काढून चालले. बरणी होळीऐवजी दिवाळीलाच संपली, तेव्हा कुठल्याही विज्ञान-शिक्षकाला जो प्रश्न पडायला हवा होता तो मास्तरांना पडला नाही. त्यांना वाटलं, गुण येतो आहे म्हणून माणूस आवडीने घेतो आहे. त्यांनी दुसरी बरणी आणून दिली.

दिवाळीनंतर लतीफभाई गप्प झाले. कमळाबाईंनी आपण होऊन सांगितलं की सून आता भांडत नाही, तर लतीफभाई नुसते "हां" म्हणाले. कमळाबाई घाबरून घरी गेल्या. मग हात मंदावला. पुडीची टोकं एकमेकांना शोधत बसायची. चालताना पाऊल उचलायच्या ऐवजी घासू लागलं. चेहरा असा झाला की जणू त्यावर लिहिलेलं सगळं कुणीतरी पुसून टाकलं आहे. रमजान सुरू झाला तसं नुरजहाँचाचींना वाटलं, रोज्यांनी अशक्तपणा आला. पण संध्याकाळी रोजा सोडताना हातातला खजूर तोंडापर्यंत पोचेस्तोवर थरथरायचा.

आणि एके सकाळी कमळाबाईंच्या हातात मोहरीची पुडी सुटली. भर रस्त्यात. चाळीस वर्षांत पहिली. कमळाबाई खाली बसून दाणे वेचू लागल्या, लतीफभाई दुकानातून पाहत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून सरळ पाणी आलं. चेहरा तसाच, वर नुसतं पाणी.

आता बाजाराने निदान केलं: कंपवात. कुणाच्या मामाला झालेला, कुणाच्या सासऱ्याला; सगळ्यांना ठाऊक होतं की गेलेला हात परत येत नाही. कुवेतला असलेल्या तौकीरने, लतीफभाईंच्या मुलाने, पिशव्या चिकटवायचं मशीन पाठवलं. नुरजहाँचाची गल्ल्यावर बसून प्लास्टिकच्या पिशव्या भरू लागल्या. दोऱ्याचं रीळ छताला तसंच टांगलेलं.

मास्तरांनी वाचनालयात बसून कंपवातावर मिळेल ते वाचलं. जितकं वाचलं तितके खचत गेले. रोज सकाळी दुकानात जाऊन बसत आणि धीर देत. निघताना न चुकता विचारत, "ती मुळी चालू आहे ना? ती मात्र सोडू नका हं."

ईद जानेवारीत आली. मास्तरांची मुलगी चैत्राली मुंबईला मेंदूच्या आजारांचं शिक्षण घेत होती. ती दोन दिवसांसाठी घरी आली होती आणि दरवर्षीप्रमाणे बापलेक दासगावकरांकडे शीरखुर्मा प्यायला गेले. लतीफभाईंनी दारातच लहानपणापासून म्हणत तसं म्हटलं, "आली काय गो डाक्टरीण," पण आवाज विहिरीतून यावा तसा, आणि ओठांच्या कडा जागच्या हलल्या नाहीत. वाटी पुढे करताना अर्धा शीरखुर्मा चादरीवर सांडला.

चैत्रालीने वाटी खाली ठेवली. "चाचा, अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटा बघू, भराभर."

लतीफभाईंनी आपटलं. तीनदा झालं नि बोटं अडकल्यासारखी थांबली. दुसऱ्या हाताचंही तेच. तिने त्यांचा कोपर वाकवून पाहिला, उठून चालायला लावलं.

"दोन्ही हातांना एकदमच सुरू झालं?"

"दोन्ही. दिवाळीपासून."

"खरा कंपवात बहुतेकदा एका बाजूने येतो. औषधं काय काय चालू आहेत?"

"एकच," नुरजहाँचाची म्हणाल्या आणि आत जाऊन बरणी घेऊन आल्या.

चैत्रालीने बरणी फिरवली. वर लाल शाईत, सुबक अक्षरात: सर्पगंधा. एक चिमूट. सकाळ-संध्याकाळ. हे अक्षर तिने दहावीपर्यंत स्वतःच्या प्रगतिपुस्तकात पाहिलं होतं.

"बाबा."

मास्तर वाटीत पाहत होते. वाटीतली एखादी चारोळी आपल्या बाजूने बोलेल अशी त्यांना आशा असावी.

"चाचा, चिमूट म्हणजे किती ते दाखवा."

लतीफभाईंनी बरणीत तीन बोटं घातली. मास्तरांची चिमूट खडू धरण्याएवढी. लतीफभाईंची चिमूट चार माणसांच्या आमटीला पुरे. ती त्यांनी तळहातावर ठेवली. हात थरथरत होता, पण तो पुन्हा बरणीत गेला, आणखी तेवढीच पूड काढली आणि आधीच्या ढिगावर टाकली.

"हे काय?"

"वरचं," लतीफभाई म्हणाले. "वर टाकल्याबिगर हात मागं येत नाय माझा. गिऱ्हाईक कुणी का असंना."

गिऱ्हाईक ते स्वतःच होते, आणि स्वतःलाही त्यांनी मापात दिलं नव्हतं.

"माझ्यामुळं," मास्तर म्हणाले. "तो महिपती मुगाएवढी म्हणाला होता. एकदाच म्हणाला होता. रडवते असंही..."

"बाबा, तुम्ही जरा गप्प बसा," चैत्राली म्हणाली. मग ती लतीफभाईंसमोर खाली चटईवर बसली. "चाचा, मेंदूत काय होतं सांगू? तिथंही सगळा कारभार पुड्यांचा आहे."

लतीफभाईंचा चेहरा हलला नाही, पण डोळे तिच्याकडे वळले. "पुड्यांचा?"

"हो. एका पेशीला दुसरीला निरोप द्यायचा असतो. त्यासाठी ती एक माल तयार करते. पण तो सुटा ठेवत नाही, इवल्याशा पिशव्यांत भरते. प्रत्येक पिशवीवर एक पंप बसवलेला असतो, तो माल आत ओढून घेतो. भरलेल्या पुड्या पेशीच्या टोकाशी तयार असतात. हुकूम आला की पुडी कडेला जाते, भिंतीला चिकटते आणि तिथंच उघडते. माल पलीकडच्या पेशीला मिळतो, आणि तुमचा हात हलतो."

"नि पलीकडं सांडलेला?"

"तो उचलून परत आत आणतात आणि पुन्हा पुडीत भरतात."

"हुशार हाय दुकानदार," लतीफभाई म्हणाले. दोन महिन्यांत त्यांनी कुणाची केलेली ही पहिली तारीफ होती. "नि सुटा राहिला तर?"

"आत एक झाडूवाला बसलेला आहे. सुटा माल दिसला की तो फस्त करतो. आणि झाडूवाल्याच्या हातून सुटून फार साठला, तर माल खराब होऊन पेशीलाच बाधतो."

"सुट्या गुळाला मुंगळे," नुरजहाँचाची म्हणाल्या.

"तेच. आता ही मुळी काय करते, तर तो पंपच अडवते. माल तयार होतो, पण पुडीत जात नाही. झाडूवाला तो खाऊन टाकतो. हुकूम आल्यावर पुडी उघडते, पण आत वाराच. आणि चाचा, असले माल मुख्य तीन आहेत. एक हात-पाय हलवणारा, एक मन ताळ्यावर ठेवणारा, एक रक्ताचा दाब चढवणारा. तिघांच्या पुड्या भरणारा पंप एकच. बाबांना फक्त तिसऱ्याचं दुकान जरा मंदावायचं होतं. तुमच्या चिमटीनं तिन्ही दुकानं बसली."

"म्हणून रडवते," मास्तर स्वतःशीच म्हणाले. पोलादपूरच्या स्टँडवर टाकून दिलेली गोष्ट पाच महिन्यांनी घरी पोचली होती.

लतीफभाईंनी आपला हात उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी जे विचारलं ते मास्तरांच्या वर्गात वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"दुकान बंद झालंय, की नुसती बांधणी थांबलीय?"

चैत्रालीने बरणीचं झाकण घट्ट लावलं. "कंपवातात पेशीच मरतात. दुकानच बंद होतं, आणि ते पुन्हा उघडत नाही. मुळीने पेशी मरत नाहीत, फक्त पुड्या रिकाम्या राहतात. पण कधी कधी असं असतं चाचा, की दुकान आधीच अर्धं बंद झालेलं असतं, कुणाला कळलेलं नसतं, आणि मुळी फक्त ते उघडं पाडते. तुमचं काय आहे ते मला आज सांगता येणार नाही. मुळी बंद करायची, डॉक्टरांकडून दाबाची दुसरी गोळी घ्यायची, आणि वाट बघायची."

"किती?"

"अडकलेले पंप सुटत नाहीत, नवे यावे लागतात. ते पेशीच्या पोटात तयार होतात आणि तिथून लांबवर टोकापर्यंत पोचतात. आठवडे लागतात. दोन महिनेसुद्धा."

"म्हणजे माल घाटावरून यायचा हाय," लतीफभाई म्हणाले. कराडचा गूळ त्यांच्याकडे महाबळेश्वर, पोलादपूर असा घाट उतरून येत असे. गाडी कुठे अडकली असेल याचा अंदाज त्यांना नेहमीचा. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "वीस मार्चाला दोन महिनेच हायत."

त्याच दिवशी चैत्रालीने स्वतः जाऊन डॉक्टरांकडून गोळी बदलून आणली, आणि बरणी अनुपमाबाईंनी परसात खड्डा करून पुरली. मास्तर म्हणाले, वनस्पतीचा काय दोष. अनुपमाबाई म्हणाल्या, खड्डा अजून मोठा करता येईल.

त्यानंतर मास्तरांनी जे सुरू केलं त्याला मदत म्हणायचं की उपद्रव, यावर पेठेत दोन मतं होती. ते शाळेआधी एक तास आणि शाळेनंतर दोन तास दुकानात येऊन पुड्या बांधू लागले. भूमिती त्यांना येत होती. कागद त्यांना येत नव्हता. त्यांच्या पुडीला पाच कोपरे असत आणि सहावा गिऱ्हाइकाच्या घरी उघडे. 'मास्तरांची पुडी' हा शब्द पंधरा दिवसांत बाजारात रूढ झाला. कुणाचा सदरा बाहेर आला, कुणाच्या लग्नाची बोलणी फिसकटली, की लोक म्हणत, मास्तरांची पुडी झाली. नुरजहाँचाची दर सकाळी त्यांच्यापुढे चहा ठेवत. बरणीबद्दल त्या एकदाही बोलल्या नाहीत. मास्तर तो चहा संपवून कप स्वतः विसळून ठेवत.

फेब्रुवारी आला. काही झालं नाही. लतीफभाई गल्ल्यामागे बसत, हात मांडीवर ठेवून. मास्तर रोज त्यांच्या बोटांकडे चोरून पाहत आणि रोज घरी जाऊन अनुपमाबाईंना सांगत, "नाही."

मग एकदा कमळाबाई मोहरी घ्यायला आल्या. लतीफभाई आत नमाजाला गेले होते. कमळाबाई हळूच म्हणाल्या, "मास्तर, ह्यांना ते रानातलं औषध दिलं कुणी, कळलं का?"

मास्तरांचा हात थांबला. "का?"

"सगळी पेठ विचारते. डॉक्टरांनी विचारलं. लतीफभाई म्हणतात, कुणी नाय दिलं, मीच पोलादपूरला जाऊन आणलं, नि मीच जास्ती खाल्लं. आता हा माणूस गल्ला सोडून दासगावला जात नाय, पोलादपूरला कधी गेला?"

कमळाबाई गेल्या. त्यांची पुडी चौकात पोचेपर्यंत सुटली, तरी मास्तरांना ते ऐकू आलं नाही. महाड लहान गाव. 'मास्तरांनी लतीफभाईंचा हात घालवला' एवढं एक वाक्य पेठेत फिरलं असतं तर मास्तरांना उद्या वर्गात उभं राहणं जड गेलं असतं. ते वाक्य लतीफभाईंनी महिनाभर मुठीत धरून ठेवलं होतं. ज्या हातात दोरा धरवत नव्हता, त्याच हातात.

पहिली खूण हाताची नव्हती. फेब्रुवारीच्या अखेरीस मास्तर एका उत्तरपत्रिकेत साखर भरत होते. लतीफभाईंनी शेजारून वाचलं, अडखळत, "मेंदूचे कार्य लिहा. उत्तर: मेंदू डोक्यात असतो व तो शांत असतो." खाली लाल शाईत, "तुझा." लतीफभाईंच्या ओठाची डावी कड जरा वर गेली. मग उजवी. मग पोट हललं. नुरजहाँचाची आतून धावत आल्या, काय झालं म्हणून, आणि दारातच पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

"दुसऱ्या नंबरचा माल आला," मास्तर म्हणाले. आणि साखर कागदाबाहेरच ओतत राहिले.

मार्चची बारा तारीख उजाडली. पाचशे पुड्यांचा गूळ आणि शेंगदाणे येऊन पडले. चैत्राली सुट्टी काढून आली. ती, नुरजहाँचाची, अनुपमाबाई आणि मास्तर असे चौघं दुकानाच्या मागल्या खोलीत कागद घेऊन बसले. घरच्याच माणसांनी बांधायच्या असा नेम, पण नुरजहाँचाचींनी त्या वर्षी घर जरा मोठं केलं. लतीफभाई भिंतीला टेकून बघत होते. मास्तरांनी एक पुडी बांधली, दुसरी बांधली, तिसरी उचलली तर पहिली सुटली.

"सोडा," लतीफभाई म्हणाले.

"अहो, जमेल मला, आता सवय..."

"सोडा म्हंतो ना. लोक तळ्यापतूर गूळ वेचत जातील."

त्यांनी कागद ओढून घेतला. गूळ ठेवला, दाणे ठेवले. टोकं जुळायला वेळ लागला. अंगठा एकदा घसरला, त्यांनी पुन्हा धरला. दोऱ्याचे दोन वेढे, गाठ. मग दोरा बोटाभोवती आला आणि सगळे त्या बोटाकडे बघत राहिले. हिसका बसला. दोरा तुटला.

चैत्राली पुढे झाली, त्यांचा कोपर हातात घेऊन वाकवला, अंगठा-बोट आपटायला लावलं. वीस मोजेपर्यंत बोटं थांबली नाहीत. तिने दुसरा हात पाहिला. तिथं अजून थोडी थरथर होती.

"चाचा," ती म्हणाली, "दुकान उघडं आहे. पुड्या भरायला लागल्या. डावीकडे अजून थोडा माल घाटात आहे, तो येईल. तरी वर्षातून एकदा मला हात दाखवायचा, न चुकता."

"दाखवीन. तू लग्नाचं कधी दाखवतेस ते सांग."

"आले," अनुपमाबाई म्हणाल्या, "दाब चढवणाऱ्यासकट तिन्ही माल आले."

पाचशेतल्या तीनशे पुड्या त्यांनी बांधल्या. उरलेल्या दोनशेपैकी मास्तरांच्या वाट्याच्या, घरात कुणाला न दुखवता, नुरजहाँचाचींनी पुन्हा बांधल्या.

वीस तारखेला सकाळपासून माणसांची रीघ लागली. नांदेडची, नागपूरची, पायाला धूळ लागलेली, खांद्यावर निळे झेंडे, कडेवर पोरं. लतीफभाई टोपलीमागे उभे राहून एकेकाच्या हातावर पुडी ठेवत होते. "घ्या. पाणी पुढं हाय. आधी गूळ खा." एका म्हातारीने पुडी कपाळाला लावली. लतीफभाईंनी तिला थांबवलं, टोपलीत हात घातला आणि तिच्या ओंजळीत तीन बोटं शेंगदाणे वर टाकले.

मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे होते. तो वर टाकणारा हात त्यांनी पाहिला, आणि त्यांना वाटलं की आयुष्यात आपण शेकडो प्रयोग केले, मुलांकडून हजारो आकृत्या काढून घेतल्या, पण ज्याबद्दल हात जोडावेत असं काही पाहिलं असेल तर ते हेच: न मोजता खाली येणारी तीन बोटं. ती बोटं हलवणाऱ्या पुड्या भरणारे ते न दिसणारे पंप, त्यांना टोकापर्यंत पोचवणारी वाट, चुकीला नाव न देणारा हा माणूस, चहा ठेवणारी ती बाई, आणि 'मुगाएवढी' म्हणणारा तो म्हातारा. सगळ्यांचं ऋण एकदम आठवलं. पुढच्या शनिवारी पोलादपूरला जाऊन महिपतीला नमस्कार करायचा, असं त्यांनी ठरवलं. (ते गेलेही. महिपतीने विचारलं, "रडला का?" मास्तर म्हणाले, "दोघंही.")

दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरली. टोपल्या आत गेल्या, दुकान नेहमीसारखं झालं. मास्तर गिऱ्हाइकासारखे समोर येऊन उभे राहिले. रात्रभर त्यांनी बोलायची तयारी केली होती.

"लतीफभाई, पेठेत तुम्ही माझं नाव सांगितलं नाहीत. मला कळलं ते. तुमच्या जागी दुसरा असता तर... म्हणजे मी काय म्हणतो, माझ्या हातून एवढं झालं, तुमचा चार महिने हात गेला, आणि तुम्ही एका शब्दाने... खरं सांगा लतीफभाई, तुम्हाला माझा राग नाही आला?"

लतीफभाईंनी कागद ओढला, वर हात करून दोऱ्याचं टोक धरलं आणि मास्तरांकडे पाहिलं.

"आला होता, अजून हाय, गूळ किती बांधू?"